“शुगर लेहू नका, भाऊ”

देवळी तालुक्यातलं गाव. कापूस नुकताच विकला गेलेला, म्हणजे आम्हा विमावाल्यांचाही हंगाम. ओसरीवर आरोग्य विम्याचा फॉर्म उघडला आणि जुन्या आजारांच्या रकान्याशी आलो, तर काकाजींनी हातच धरला. “शुगर लेहू नका, भाऊ. लेहलं का हप्ता वाढते.”

आमच्या धंद्यातले बरेच जण अशा वेळी मान डोलावतात, सगळीकडे ‘नाही’वर खूण करतात अन् चहा पिऊन उठतात. पॉलिसी लवकर निघते, कमिशनही.

काकाजी तयारीनं बसले होते. “पाच वर्सं झाले का कंपनीले काईच इचारता येत नाई म्हणते.” अर्धं खरं होतं. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र येतो. आणि तोवर पाच वर्षं निभायला तर हवीत!

एवढा वेळ दाराआड उभ्या असलेल्या काकूंनी आतून प्लास्टिकची पिशवी आणली. मागं पऱ्हाटीचा खुंट पायात जाऊन जखम चिघळली होती, तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड. डॉक्टरांनी पहिल्याच ओळीत लिहिलेलं : ‘के/सी/ओ डी.एम., 8 वर्षे’, म्हणजे आठ वर्षांपासून मधुमेह. त्यावर बोट ठेवून म्हटलं, “काकाजी, दावा आला का कंपनी हेच कागद मागवते. शुगर तर इथं आधीच लिहिलेली हाये.”

“अन् लेहली तं?”

लिहिली तर जास्तीत जास्त 36 महिने शुगर आणि तिच्यापायी होणाऱ्या दुखण्याचा खर्च मिळत नाही. एप्रिल 2024 पूर्वी ही मुदत 48 होती. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ती कमीही करतात. अपघात पहिल्या दिवसापासून बसतो, डेंग्यूसारखं काही 30 दिवसांनंतर.

“मंग दर महिन्याच्या गोळ्या?”

त्या साध्या पॉलिसीत बसत नाहीत. तिथं काकाजींचा चेहरा उतरला, कारण खरा खर्च तोच होता. म्हटलं, मेटफॉर्मिन आरोग्य केंद्रात फुकट मिळते, ती खाजगीतून कायले घेता? काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या.

महात्मा फुले योजनेचं कार्डही त्यांनी काढलं नव्हतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच, जुन्या आजारासाठी थांबणं नाही. फक्त दवाखाना योजनेतला अन् उपचार यादीतला पाहिजे. सेवाग्राम, सावंगी दोन्हीकडे योजना चालते. स्वतःचं गिऱ्हाईक सरकारी योजनेकडे धाडणारा विमावाला म्हणून घरी बायको हसते, ते वेगळं.

तेवढ्यात बाजेवरची आजी बोलली, “आमी तं ज्वारी देत होतो इम्याले.” खरंच, 1980 च्या दशकात सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यानं आजूबाजूच्या गावांत घरटी ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. “तवा कोनी शुगर इचारत नव्हतं,” आजीनं ठणकावलं. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

फॉर्म शुगरसकट गेला. कंपनीनं तपासण्या मागितल्या, मग हप्ता वाढवून कळवला. काकाजी फोनवर तणतणले, नंतर म्हणाले, “सहा-सहा महिन्यानं भरता येते का, ते पा.”