तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी नोमच का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्यात प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि मी दर वेळी नोम नावाच्या बुटक्या जातीचं घेते. माझी उंची ४ फूट ११ इंच. त्यामुळे "तू दर वेळी नोमच का घेतेस गं?" असं कोणी विचारलं, की विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं. मी हसून विषय बदलते. यंदा तीन वेगवेगळ्या टेबलांवर तोच प्रश्न आला, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी ज्यांना नोमच माहीत नाही त्यांच्यासाठी. स्पेलिंगमधला 'जी' मुका आहे. तो उच्चारून 'ग्नोम' म्हणणारे मला भेटलेत, आणि 'जीनोम' ऐकून डीएनएबद्दल बोलायला लागलेली एक मावशीही. आपल्याकडे हिमगौरीच्या गोष्टीमुळे 'बुटका' हा एकच शब्द हाताशी आहे, आणि ड्वॉर्फ, हाफलिंग, नोम असे सगळे त्यातच कोंबले जातात. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना मात्र हे तिघं वेगळे. ड्वॉर्फ म्हणजे दाढी, कुऱ्हाड, खाण आणि आजोबांच्या आजोबांनी गमावलेला किल्ला. हाफलिंग म्हणजे चूल, गरम जेवण आणि नशिबाची साथ. फाशावर १ पडला तर त्याला तो पुन्हा टाकता येतो. (मुळात १९७४मध्ये आलेल्या खेळाच्या पहिल्या पेटीत त्यांना 'हॉबिट'च म्हटलं होतं, म्हणजे टॉल्किनच्या कादंबऱ्यांतला शब्द. कायद्याची अडचण आल्यावर नाव बदललं.) मग दोन बुटके असताना तिसरा कशाला? खरा प्रश्न हा आहे. आणि तो फक्त माझ्या मित्रांना पडत नाही, खेळ बनवणाऱ्यांनाही पडत आला आहे.

शब्द जुना आहे. पॅरासेल्सस नावाचा स्विस वैद्य आणि किमयागार होता, १५४१ साली वारला. त्याच्या मागे १५६६मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात पाणी, वारा, अग्नी आणि माती यांत राहणाऱ्या चार जातींचं वर्णन आहे. मातीतले ते नोम. आपण हवेतून चालतो तसे ते दगडामातीतून चालतात, असं तो म्हणतो. माझ्या मते नोमबद्दलची ही सगळ्यात सुंदर कल्पना, आणि खेळांनी तिचा जवळजवळ काहीच उपयोग केला नाही. नंतर जर्मनीत भाजक्या मातीचे टोपीवाले पुतळे बनू लागले. १८४७मध्ये चार्ल्स आयशम नावाच्या जमीनदाराने असे २१ पुतळे इंग्लंडला, लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत आणून ठेवले. त्यातला एकच आज शिल्लक आहे. नोमची लाल टोपी आणि 'बागेत बसणारा म्हातारा' ही ओळख इथली. टेबलावर मी नोम म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर हाच येतो, हातात मासेमारीची काठी घेऊन.

खेळात नोम १९७४पासून आहेत, पण राक्षसांच्या यादीत. ड्वॉर्फपेक्षा थोडे लहान, दाढी जास्त लांब, डोंगरांऐवजी टेकड्यांत आणि बिळांत राहणारे, एवढीच ओळख. म्हणजे बुटक्यांतले बुटके. खेळाडूला स्वतः नोम होता आलं ते १९७८च्या नियमपुस्तकात, आणि तिथे त्याला एक गोष्ट अशी मिळाली जी बाकी कोणत्याच अमानवी जातीला दिली नव्हती. तो इल्यूजनिस्ट होऊ शकत होता. आगीचे गोळे फेकणारा जादूगार नाही, तर डोळ्यांना फसवणारा. तीही पूर्ण मुभा नव्हेच, सातव्या पातळीच्या वर त्याला जाता येत नसे. तरी दार उघडलं होतं.

माझं उत्तर इथे आहे. नोम कोण, तर जो असतो एक आणि दाखवतो दुसरंच. ज्या जगात ओगर नावाचे राक्षस नऊ-दहा फुटांचे आणि ड्रॅगन तर देवळाएवढे, तिथे साडेतीन फुटांच्या माणसाने जगायचं कसं? ड्वॉर्फ म्हणतो, चिलखत घालून. हाफलिंग म्हणतो, नशिबावर. नोम म्हणतो, त्यांना मी दिसलोच नाही तर? त्याचे विनोद, खोड्या, लांबलचक गप्पा, सगळा त्याचा आडोसा आहे. समोरचा हसतोय तोवर त्याचा हात गदेकडे जात नाही.

हे सगळ्यांना पटत नाही, कारण मधल्या काळात नोमचं यंत्र झालं. १९८४च्या ड्रॅगनलान्समध्ये, म्हणजे डी अँड डीच्याच एका कथाविश्वात, टिंकर नोम आले. ते रात्रंदिवस यंत्रं बनवतात आणि ती हटकून बिघडतात. त्यांची नावं इतकी लांब, की घराण्याचा सगळा इतिहास त्यात येतो. त्यांच्या डोंगराचं नाव काय असं एका परक्याने विचारलं. नोमने पूर्ण नाव सांगायला सुरुवात केली, ऐकणारा कंटाळून म्हणाला, "नेव्हरमाइंड." डोंगराचं नाव तेच पडलं, माउंट नेव्हरमाइंड. विनोद झकास आहे, मीही पहिल्यांदा ऐकला तेव्हा खूप हसले. पण तोच विनोद चार सेशन ऐका. दर वेळी नोम काहीतरी फिरवणार, धूर निघणार, स्फोट होणार. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमने २००४मध्ये हीच यंत्रवाली ओळख घेतली, पण निदान तिला जखम तरी दिली. नोमरेगन हे त्यांचं शहर गेलेलं आहे. ट्रॉग्स नावाच्या रानटी जातीचा हल्ला परतवायला सोडलेल्या विषारी किरणोत्सर्गात त्यांचीच माणसं मेली, आणि उरलेले ड्वॉर्फांच्या राजधानीत एका कोपऱ्यात राहू लागले. निर्वासित नोम. गॉगल आणि पाना बाजूला ठेवले की खाली हे आहे. फार थोडे खेळाडू तिथपर्यंत खणतात.

२००८ साली डी अँड डीची चौथी आवृत्ती आली आणि पहिल्या नियमपुस्तकातून नोम गायब. ड्रॅगनबॉर्न आले, टीफलिंग आले (या खेळातल्याच दुसऱ्या जाती), नोम पुन्हा राक्षसांच्या पुस्तकात. प्रसिद्धीसाठी केलेल्या एका छोट्या कार्टूनमध्ये बिचारा नोम सांगत फिरतो की मी आता राक्षस आहे, मला गुहाही आहे. लोकांना तो इतका आवडला की ज्यांनी जन्मात नोम घेतला नव्हता तेही हळहळले. २००९मध्ये दुसऱ्या पुस्तकात तो परत आला. गंमत म्हणजे मला सगळ्यात पटलेला नोम हा याच आवृत्तीतला. त्याचा इतिहास असा, की परीलोकाच्या तळघरांत फोमोरियन नावाच्या राक्षसांनी त्यांना गुलाम करून ठेवलं होतं. आणि त्याची खास ताकद अशी: मार लागला की क्षणात अदृश्य. मारणाऱ्याच्या नजरेतून नाहीसं होणं हे कोण शिकतं, ते वेगळं सांगायला नको.

पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच दुसऱ्या खेळाचे लोक तिसऱ्याच वाटेने गेले. त्यांचे नोम परीलोकातून आपल्या जगात आलेले, आणि त्यांना नवं काही पाहायला, शिकायला, करायला मिळालं नाही तर त्यांचा रंग उडत जातो. केस पांढरे, कातडी पांढरी, शेवटी बहुतेकदा मृत्यू. याला ब्लीचिंग म्हणतात. दिवसभर एक्सेलमध्ये तीच शीट भरणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

२०२३च्या बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेममध्ये गोब्लिन नावाच्या छोट्या, दुष्ट प्राण्यांनी एका नोमला पवनचक्कीच्या पात्याला बांधून गरागरा फिरवत ठेवलेलं आहे. त्याला सोडवायला तुम्ही खटका ओढता. चुकीचा ओढलात तर तो आकाशात भिरकावला जातो. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा चुकीचाच ओढला. दोन मिनिटं हसले, मग गेम मागे नेऊन योग्य तो ओढला. खाली उतरल्यावर तो माझ्यावरच वैतागला. मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.

तोटेही सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. पाचव्या आवृत्तीत २०१४पासून नोमचा वेग २५ फूट, माणसांचा ३०. पळताना दर सहा सेकंदांना मी पाच फूट मागे, म्हणजे ड्रॅगनच्या तोंडाशी नेहमी मीच. मोठी तलवार धड पेलत नाही. २०२४च्या पुस्तकात वेग ३० केला आणि सगळे खूश झाले. मी नाही. मागे राहायची भीती असली की डोकं चालतं.

आता रविवारचं सांगते. पुण्यातला एक फ्लॅट, आम्ही पाच जण, एक फासा फ्रिजखाली गेलेला. किल्ल्याच्या तळघरात गोब्लिनांची पाळी बदलत होती आणि आम्ही मधल्या बोळात अडकलो होतो. माझी फॉरेस्ट नोम, म्हणजे जंगलातली नोम आहे, तिला मायनर इल्यूजन ही जादू जन्मजात येते: पाच फुटांच्या घनात मावेल अशी कोणतीही वस्तू दाखवता येते. बाकीच्यांनी आधीच्या खोलीत धाव घेतली. सहा फुटी पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, चिलखताचा खणखणाट करत दाराआड कसाबसा दबून बसला. मी पिंपाचं चित्र उभं केलं आणि आत मांडी घालून बसले, वर दीड फूट जागा शिल्लक.

दोन गोब्लिन आले, गेले. तिसरा थांबला. खेळ चालवणाऱ्या डीएमने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तो हातातला मग पिंपावर ठेवतोय. काय करतेस?"

मायेच्या पिंपावर मग टिकत नाही. तो सरळ आरपार माझ्या डोक्यावर पडणार, आणि पडलाही. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. पॅलाडिनवाल्याने तलवारीचा फासा हातात घेतला होता.

मी पिंपाच्या आतून जाड आवाज काढून म्हटलं, "भरलंय. दुसरीकडे बघा."

डिसेप्शनवर, म्हणजे थाप पचते का ते ठरवणाऱ्या फाशावर, १८ आले. गोब्लिन बराच वेळ गप्प. मग त्याने विचारलं, "माझा मग परत मिळेल का?" मी आतून हात न दिसेल अशा बेताने मग बाहेर सरकवला. त्याने तो उचलला, पिंपाला वाकून नमस्कार केला आणि पुढे गेला.