आडतीवरची हाक

सोयाबीनची आवक वाढली की लातूरच्या मार्केट यार्डात बोलायलाही सवड नसते. आज दुकानात हिशोब शिकायला आलेला नवा पोरगा फाटलेलं पोतं बघून ओरडला, "ए हमाल, इकडं ये!" आमचे मुनीमजी सहसा वहीतून मान वर काढत नाहीत. आज काढली. "मामा म्हण. तुझ्या बापाच्या वयाचे आहेत."

मामांनी मनावर घेतलं नाही. दाभणात सुतळी ओवली, चार टाके घातले आणि पोतं पाठीवर घेतलं. वर्षानुवर्षं पोती वाहून मानेखालची कातडी पार टणक झालीय त्यांची.

मुनीमजींचं मला लई पटलं. 1969 च्या माथाडी कायद्यानं या लोकांच्या मजुरीची, भविष्य निर्वाह निधीची सोय लावली, ते मोठंच काम झालं. पण हाक कशी मारायची ते दुकानातल्या थोरांनीच शिकवायचं असतं. आमच्याकडं मापाडी म्हणजे आण्णा, सांडलेला माल झाडून चाळणाऱ्या बाया म्हणजे मावशी. "दहा लेबर पाठवा" असं फोनवर ऐकलं की मात्र जीवाला लागतं. नावागावाची, लेकराबाळांची माणसं आहेत ती. आमच्या दुकानात कुणी तसं बोललं, तर मी तिथंच टोकतो.