आमची वाटचाल: तीन सिलिंडर, सहा पिस्टन

बाबा सांगलीकडे विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. इंजिन बिघडलं की आधी हाताने फिरवून बघायचे, मगच पाना उचलायचे. मी इंग्लंडमध्ये, केंटला गॅरेज टाकलं, तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली.

सुरुवातीची वर्षं ट्रकांच्या ब्रेक-क्लचमध्ये गेली. मग एक वयस्कर गृहस्थ त्यांचा जुना, कॉमर या ब्रिटिश कंपनीचा ट्रक ट्रेलरवर घालून घेऊन आले. बाकीच्यांनी हात लावायला नकार दिला होता. केबिनखाली इंजिन आडवं झोपलेलं. मी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, शोधत राहिलो. हेड नव्हतंच, हवा-धुराची ये-जा उघडझाप करणारे व्हॉल्व्हही नव्हते.

हे टीएस-३ इंजिन. कॉमरच्या मालक रूट्स समूहाने १९५४ मध्ये आणलेलं आणि मेडस्टोनच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या शेजारीच बनलेलं. ३.२६ लिटर, १०५ अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर. दोघं जवळ आले की मधली हवा दाबून तापते, मधोमध इंजेक्टर डिझेल फवारतो आणि त्या भडक्याने दोन्ही पिस्टन बाहेर ढकलले जातात. जाता जाता एक पिस्टन धूर बाहेर जायची पोर्टं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, उघडतो. त्याच्या क्षणभर मागून दुसरा, पलीकडच्या टोकाला, ताज्या हवेची पोर्टं उघडतो. ब्लोअरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंपाची, हवा एका टोकाने शिरते आणि उरलासुरला धूर दुसऱ्या टोकाने ढकलत नेते. प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडरचा ठोका, चार स्ट्रोकच्या इंजिनात तो दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणून ही तीन सिलिंडर चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरांइतकेच ठोके देतात.

युंकर्सच्या विमान-इंजिनात अशा पिस्टनांसाठी दोन क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या जोराने फिरणारे मुख्य दांडे, होते आणि नेपियर डेल्टिक इंजिनात त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर तीन. कॉमरवाल्यांनी एकातच भागवलं. पिस्टनचा जोर मोठ्या रॉकरवर, म्हणजे झुलत्या तरफेवर, येतो, रॉकर खालच्या बाजूने क्रँकशाफ्ट फिरवतो. मला ही मांडणी आजही सगळ्यात देखणी वाटते.

त्या पहिल्या इंजिनात मूळ दुखणं काजळीचं होतं. एक्झॉस्ट पोर्टं निम्मी बुजली होती, त्यामुळे जुना धूर आतच राहायचा आणि इंजिन चढाला दम टाकायचं. लाकडी पट्टीने एकेक पोर्ट खरवडलं, कारण लोखंडी पट्टीने कडेला ओरखडा उठला तर पिस्टनची रिंग तिथेच अडकते. दोन दिवस लागले.

मग चूक झाली, आणि ती माझी. ब्लोअरचं सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, उलटं बसवलं. गिअरकडचं तेल हवेबरोबर सिलिंडरांत शिरलं आणि इंजिन स्वतःच्याच तेलावर पळत सुटलं. डिझेल बंद केलं, तरी आवाज चढतच गेला. मुलगा धावत आला आणि त्याने प्लायचा तुकडा हवेच्या तोंडावर दाबून धरला. इंजिन गुदमरून थांबलं, तोवर गॅरेजभर निळा धूर. त्या दिवसापासून इंजिन चालू करताना एक माणूस फळी घेऊन उभाच असतो.

त्या गृहस्थांना मी सगळं खरं सांगितलं आणि ब्लोअर पुन्हा उघडून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढची तीन इंजिनं त्यांच्याच ओळखीतून आली. आता आम्ही ब्रेक-क्लचची कामं घेतच नाही.

सध्या बाकावर एक टीएस-३ उघडलेलं आहे. पोर्टं मुलगा खरवडतोय. सील मी बसवेन, आणि तो तपासेल.