शेजारच्या घरपट्टीवरची हरकत

नगरपरिषदेत हरकतींच्या सुनावणीला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच मागणं घेऊन येतो: माझी घरपट्टी कमी करा. त्या दिवशी एक काका निराळंच काही घेऊन आले. करनिरीक्षक म्हणून काम करताना तो दिवस मला फार महत्त्वाचा वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची नगरपरिषद 'क' वर्गातली, म्हणजे लहान शहराची. मालमत्तांची फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. सर्वेक्षणाचं काम दिलेल्या एजन्सीची मुलं घरोघर फिरून मापं घेतात, त्यावरून यादी तयार होते आणि ती लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवतात. मग हरकती येतात आणि नगररचना विभागाचे प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी सुनावणी घेतात. तेव्हा नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक होते. त्यामुळे वॉर्डातला माणूस आपलं गाऱ्हाणं कुणामार्फत न आणता थेट आमच्या टेबलाशी आणत होता.

काका एसटीतून निवृत्त झालेले वाहक. नंबर आला तसे पुढे आले आणि त्यांनी शाळकरी वही उघडून सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर ठेवली. "माझ्या पट्टीचं नंतर बघू साहेब, आधी हे बघा." यादी खुली असताना रोज येऊन त्यांनी आपल्या गल्लीतली सगळी घरं वहीत उतरवून घेतली होती. नोंद, छत, वापर, क्षेत्र, सगळं. एका ओळीखाली लाल रेघ होती. ती नोंद कोपऱ्यावरच्या तीन मजली इमारतीची. यादीत तिला एकच मजला, छत पत्र्याचं, वापर निवासी.

साहेब म्हणाले, "दुसऱ्याच्या मिळकतीवर तुमची हरकत कशी घ्यायची?"

"यादी सगळ्यांना बघायला ठेवली होती ना? मग बघून गप्प बसायचं होतं का?"

बाहेर रांग होती, कुणीतरी "आवरा काका" असं म्हणालंही. साहेबांनी वही दोनदा वाचली आणि मला सांगितलं, दुपारी टेप घेऊन चला, पूर्ण गल्ली मोजायची.

ही चूक केवढी, हे आकारणी कशी होते ते कळल्यावरच लक्षात येतं. बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून वार्षिक भाडेमूल्य ठरतं, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य निघतं आणि त्यावर कर बसतो. मुळात 'पत्रा' आणि 'निवासी' लिहिलं की पुढचं सगळंच खाली येतं. रोजगार हमी कर तर बिगरनिवासी वापरावरच असतो, तोही बुडतो.

जागेवर गेलो. तळमजल्याला ओळीने शटर, वर दोन मजले, सगळं आरसीसी. मालक म्हणाले, मोजायला कुणी आतच आलं नाही. सर्वेक्षणाच्या अर्जात वरच्या मजल्यांचे रकाने कोरे होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला खरं वाटलं. पण चार वर्षांपूर्वीची पट्टी पाहूनही त्यांना काही विचारावंसं वाटलं नव्हतं, हेही खरंच.

मग काकांचं घर. एजन्सीने पोटमाळा खोली म्हणून धरला होता. तिथे ताठ उभंही राहता येत नव्हतं, साहेबांनी तो काढला. जिना मात्र मोजमापात राहिला. "जिन्यात कोण राहतं?" म्हणून काका बराच वेळ भांडले. दुसऱ्याच्या तीन मजल्यांसाठी जेवढे पेटले होते, तेवढेच स्वतःच्या जिन्यासाठी. मला ते आवडलं.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "ताई, सरकारचे एवढे पैसे येतात. आमच्या पट्टीवाचून काय अडतं?"

हा प्रश्न मला गावातल्या प्रत्येक माणसाने विचारावा असं वाटतं. जकात 1999 मध्ये गेली. तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं, ते बहुतेक पगारातच संपतं. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता: 30 पाण्यासाठी, 30 स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च चालत नव्हता. त्यातही अट अशी होती की राज्याचं सकल उत्पन्न ज्या वेगाने वाढतं, त्या वेगाने मालमत्ता कराची वसुली वाढली पाहिजे; नाहीतर तेही पैसे अडत. शहरांतल्या कामांसाठीच्या राज्याच्या नगरोत्थान योजनेतून रस्ता मागायचा तर नगरपरिषदेने आपला हिस्सा घालावा लागतो. तो हिस्सा येतो घरपट्टीतून. काकांच्या पट्टीतला शिक्षण करही आमचा नव्हे, तो शासनाकडे भरावा लागतो. हे सगळं वजा जाता गावाने स्वतः ठरवून खर्चावा असा जो पैसा उरतो, तो थोडा असतो, म्हणूनच तो कोपऱ्यावरच्या इमारतीत असा बुडू देता येत नाही. अर्थसंकल्पाची चर्चा फेब्रुवारीत सभागृहात होते, पण त्यातला जमेचा मोठा भाग अशा गल्लीत टेप धरताना ठरतो.

काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या गल्लीचा रस्ता कुठल्या पैशातला?" मी नगरोत्थान म्हणाले. "हिस्सा भरलाय का?" नव्हता.

अंतिम यादीत ती इमारत तीन मजली आरसीसी, तळमजला वाणिज्य वापर अशी लागली. मालकांनी अपील केलं. तो त्यांचा हक्क आहे, आणि अपिलाआधी मागणीची रक्कम भरावी लागते, तशी त्यांनी ती भरली. काकांच्या गल्लीचा रस्ता पुढच्या अर्थसंकल्पात आमच्या हिश्श्याच्या तरतुदीसह धरला.

त्यानंतर मुख्याधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली. यादी कार्यालयातल्या फळ्यावर लावतोच, पण आता प्रत्येक गल्लीची यादी त्या त्या गल्लीतही लावतो. हरकती वाढल्या, कामही वाढलं. बहुतेक हरकती अजून स्वतःच्याच पट्टीच्या असतात. शेजारच्या इमारतीबद्दलची एखादी आली की ती मी आधी वाचते आणि त्याच आठवड्यात जागेवर जाते.