रोल चुकला की मी खाली काय करते

मी कयाक चालवते, म्हणजे पॅडलने वल्हवायची अरुंद, वरून बंद असलेली छोटी होडी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी स्वतःहून हा विषय काढत नाही कारण एकदा सुरू झाले की समोरच्याची मिसळ गार होते. प्रश्न ठरलेला असतो. लग्नात मावशी विचारते, ऑफिसात लोक विचारतात, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कणसं भाजणाऱ्या काकूंनी पण विचारलाय, की कयाकसकट पालथी झालीस आणि वर येताच आलं नाही तर खाली करतेस काय गं?

काहीच नाही. निदान पहिले दोन सेकंद तरी. आणि ते काहीच न करणं शिकायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

(मधेच कोणीतरी "म्हणजे दत्तू भोकनळसारखं का?" विचारतं. नाही हो. आपला चांदवडचा दत्तू 2016 ला रिओला गेला तो रोइंगमध्ये, त्यात पाठमोरं बसून वल्हवतात, ती बोट उलटली की पाण्यात उतरावंच लागतं.)

कयाकमध्ये कमरेला स्प्रे स्कर्ट असतो, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून बसायच्या भोकाच्या कडेला ताणून बसवलेलं झाकण, तो तसाच ठेवून, आत बसल्या बसल्या परत सुलटं व्हायचं, हा रोल. लोकांना वाटतं हातात ताकद लागते. पॅडल नुसतं टेकायला, कयाक फिरवते कंबर आणि गुडघा, आणि डोकं सगळ्यात शेवटी. इथेच गोची आहे, पाण्याखाली गेलेल्या माणसाला आधी डोकंच बाहेर काढायचं असतं, आणि ते 4-5 किलोचं डोकं आधी उचललं की अर्धी फिरलेली कयाक परत धप्पकन उलटी. पहिल्या महिन्यातले माझे सगळे रोल असेच गेले. अर्धा श्वास, अर्धा घोट पाणी, परत खाली. मैत्रीण शेजारच्या कयाकमधून "डोकं!" ओरडायची, मला "डो" एवढंच ऐकू यायचं.

आता चुकला की परत पुढे वाकते, नाक डेकजवळ, म्हणजे कयाकच्या वरच्या बाजूजवळ नेते, पॅडल कयाकच्या कडेला लावते आणि पातं हलवून बघते, पाण्याबाहेर आलं की ते एकदम हलकं लागतं. डोळे उघडून उपयोग नसतो, पावसाळ्यात खाली दिसतो तो नुसता चहा. मग दुसरा प्रयत्न. घाईत आहे तिथूनच ओढलं की पातं खोल जातं आणि आपण तिथेच.

दोनदा चुकला तर तिसऱ्याचा हट्ट नाही. कयाकच्या बुडावर थापा मारते, हात पुढेमागे फिरवत राहते, मैत्रीण तिच्या कयाकचं टोक हाताशी आणते, ते धरून वर. ती लांब असेल तर स्कर्टचा पुढचा लूप ओढून बाहेर. हा लूप बाहेर आहे ना हे मी दरवेळी बसल्या बसल्या चाचपते, कारण एकदा तो आत दबून राहिला होता. दहा सेकंद किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. शेवटी स्कर्ट कडेनेच ओरबाडून काढला, वर आले तर नाकातून पाणी, नखं दुखतायत, मैत्रीण म्हणाली थांबूया, मी लगेच हो म्हटलं. येताना मिसळीला पण थांबलो नाही, यावरून काय ते समजा. पुढचे दोन रविवार रोल बंद, नुसतं पालथं व्हायचं, लूप ओढायचा, बाहेर यायचं, कयाक मैत्रिणीच्या डेकवर आडवी ओढून पाणी ओतायचं, परत बसायचं.

ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना हे परवडलंच नसतं, तिथल्या गार पाण्यात बाहेर पडणं म्हणजे संपलंच, म्हणून त्यांच्याकडे रोलचे कितीतरी प्रकार, पॅडल हरवलं तर नुसत्या हाताने सुद्धा. आणि युरोपात रोल पहिल्यांदा जमवणारा म्हणून ज्याचं नाव घेतात तो ऑस्ट्रियाचा पावलाटा 1927 साली नुसती वर्णनं वाचून शिकला म्हणे. मला यूट्यूब होतं, मैत्रीण होती, नोज क्लिप होती, तरी हे हाल.

गेल्या रविवारी बाहेर आले तर काकू कणसाला लिंबू चोळता चोळता म्हणाल्या, अकरा वेळा पालथी, सात वेळा सुलटी, मी मोजलं. ते सातही उजव्या बाजूचे होते. डाव्या बाजूचं विचारू नका.