कच्च्या मुलाची वही

एप्रिल महिना, सकाळच्या शाळा सुरू होत्या आणि द्राक्षाचा हंगाम आटोपला होता, म्हणून मखमलाबादच्या भाऊंना एक अख्खा दिवस मोकळा मिळाला. त्यांचा मुलगा, त्याला इथे सोहम म्हणू, चौथी संपवून पाचवीत जाणार. इंग्रजी माध्यमात चार वर्षं काढली आणि वाचन अजून दुसरीच्या पातळीवर. तपासणी झाली होती. बुद्धिमत्ता चांगली, निदान डिसलेक्सियाचं, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अडखळणं. जुन्या शाळेनं "तुम्ही दुसरीकडे बघा" असं गोड शब्दांत सांगितलं होतं.

मी नाशकात स्पेशल एज्युकेटर आहे, म्हणजे शिकताना अडचण येणाऱ्या मुलांना शिकवते. पालकांबरोबर शाळा बघत फिरणं माझ्या कामात मोडत नाही, पण आता फिरते. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी एक शाळा सुचवली होती. तिथे अशा मुलांना वेगळं शिकवायच्या खोलीवर 'रिसोर्स रूम' अशी पाटी होती, टेबल-खुर्च्या होत्या, बाईही होत्या. मी पाटी बघून खूश. वर्षाच्या शेवटी कळलं, की तिला रोज चित्रकला नाहीतर खेळाच्या तासाला वर्गाबाहेर काढून त्या खोलीत बसवत होते. म्हणजे जे दोन तास तिला जमायचे, तेच गेले. ती चूक माझी होती.

निघताना भाऊंनी गाडी सुरू न करताच विचारलं, "मॅडम, हे माझ्याकडून आलं का?" ते नववीतून शाळा सोडलेले. फवारणीची औषधं अजूनही डब्याच्या रंगावरून ओळखतात, आणि मध्ये एका कंपनीनं डबा बदलला तेव्हा दुकानदाराला तीनदा विचारून घेतलं होतं. मी म्हटलं, हे घराण्यात चालत येतं हे खरं, पण हुशारीशी त्याचा संबंध नाही. ते जरा थांबले. "मग मास्तरांनी मला उगाच मारलं."

पहिली शाळा गंगापूर रोडच्या बाजूची. स्मार्ट बोर्ड, एसी, बाग. मी माझे दोन ठरलेले प्रश्न विचारले. पहिला, रेमेडियलसाठी, म्हणजे वेगळं शिकवायला, मुलाला कोणत्या तासाला बाहेर काढता? "ते टाइमटेबलवर अवलंबून." दुसरा, पाचवीतल्या सगळ्यात कच्च्या मुलाची मराठीची वही बघायला मिळेल का? मॅडम हसल्या आणि कोणाला तरी पाठवलं. वही आली ती मोत्यासारख्या अक्षरातली, पानोपानी चांदण्या. मी काही बोलले नाही. फीचा कागद भाऊंनी घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या शाळेत सोहमला खुर्चीवर बसवून थेट श्रुतलेखन घातलं. प्रवेशासाठी मुलाची अशी चाळणी लावायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, आणि पहिल्याच वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंडही आहे. ते श्रुतलेखन घेणाऱ्यांनाही हे माहीत असणारच. सोहमनं 'शिक्षक'चं 'क्षिशक' केलं. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी आपली पहिली वेलांटी एकदा नीट बघावी. ती उच्चारात अक्षरानंतर येते आणि कागदावर अक्षराच्या आधी उभी राहते. सोहम आधी अक्षर काढतो, मग मागे जाऊन वेलांटीला जागा शोधतो, आणि तोवर पुढचं जोडाक्षर हातातून निसटलेलं असतं. ऑफिसातल्या सरांनी कागद भाऊंसमोर धरला. "आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के असतो, समजून घ्या."

माझ्या पिशवीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत होती. त्यात डिसलेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट नमूद आहे, आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा हेही. ती मी बाहेर काढली नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, भांडलंच पाहिजे म्हणतात, आणि कोणीतरी भांडलं पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण भांडण मी करणार आणि त्या वर्गात रोज सोहम बसणार.

रस्त्यात उसाचा रस प्यायलो. भाऊंचा जीव इंग्रजीत अडकलेला, चुलतभावाची मुलं तिथेच शिकतात. मी सांगितलं, मराठीत क म्हणजे क. इंग्रजीत एकच 'ओयूजीएच' एका शब्दात 'ओ' होतं, दुसऱ्यात 'अफ'. देवनागरीत त्याचा वेग कमी राहील, पण अंदाजानं वाचायची सवय सुटेल. सेमी घेतलं तर गणित-विज्ञानाचे शब्द इंग्रजीच राहतात, म्हणजे चार वर्षांचं ॲडिशन-सबट्रॅक्शन वाया जात नाही. सोहम म्हणाला, "आणि मला घरच्यासारखं बोलता येईल?" येईल म्हटलं.

तिसरी शाळा पंचवटीतली, अनुदानित, सेमी. रंग उडालेला, वर्गात सत्तावन्न मुलं, स्पेशल एज्युकेटर नाही. इथे मी मुख्याध्यापकांआधी ऑफिसात क्लार्ककाकांकडे गेले. दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळवायचा तर बोर्डाकडे प्रस्ताव शाळेनंच पाठवायचा असतो, आणि ते काम कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. "काका, असा प्रस्ताव कधी पाठवलाय?" त्यांनी कपाटातून दोरी बांधलेली फाइल काढली. दोन मुलांचे प्रस्ताव, झेरॉक्ससकट. वर मलाच म्हणाले, "याचं सर्टिफिकेट आठ वर्षांनंतरचं आहे ना? आणि चौदाव्या वर्षी पुन्हा करावं लागतं, विसरू नका." आठ वर्षांखालच्या मुलाला हे प्रमाणपत्र देत नाहीत, हे कितीतरी शिक्षकांना मला समजावून सांगावं लागतं.

पाचवीच्या बाई वर्गातून हातात खडू घेऊनच आल्या. वही मागितली तर गठ्ठ्यातली तळातली काढून दिली. पान लालभडक. एका पानावर मी एकोणतीस खुणा मोजल्या. बाईंना अवघडल्यासारखं झालं, पण दिली हे महत्त्वाचं. मग त्या सोहमकडे वळल्या. "तुमची बाग आहे म्हणे. पाऊस पडला की मणी का तडकतात रे?" आणि हा पोरगा, जो मघाशी मान वर करत नव्हता, तो साखर, साल, पाणी शोषणं, डावणी रोग, सगळं सांगत सुटला. मणी किती फुगतो हे बोटांनी दाखवलं. भाऊ दुसरीकडे बघत होते.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला डिसलेक्सियातलं काही कळत नाही, खरं सांगते. वर्ग मोठा आहे, फार वेळ देता येणार नाही. पण एक सांगा, त्याला मोठ्यानं वाचायला उभं करायचं की नाही? सगळ्यांना करते, त्याला वगळलं तर पोरं विचारतील."

सोहमला वर्गात कसं शिकवायचं, हे त्या दिवसात मला कोणी विचारलं ते पहिल्यांदाच. मी म्हटलं, उभं करा, पण दोनच ओळी, आणि कोणत्या ते आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्यांनी ते हजेरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

फॉर्म भाऊंनी स्वतः भरला, आधार कार्ड शेजारी ठेवून, एकेक अक्षर बघत. वीस मिनिटं लागली. मी मदत करते म्हटलं नाही आणि काकांनीही घाई केली नाही.

जूनच्या शेवटी बाईंचा फोन आला. "मॅडम, पहिली वही तपासतेय. एका पानावर किती खुणा करू?"

"दोन."

"दोनच? वेलांट्याच अकरा चुकल्यात हो."

"मग त्यातल्या दोन करा."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग टोपण लावल्याचा आवाज आला.