केंब्रिजच्या प्रयोगशाळेतलं कासव

केंब्रिजच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेतून अँड्र्यू क्रॉफर्ड आणि रॉबर्ट फेटिप्लेस यांनी 1981 मध्ये एक शोध जाहीर केला: कासवाच्या कानातली प्रत्येक केशपेशी, म्हणजे आवाजाची कंपनं टिपणारी पेशी, आपला सूर विजेच्या जोरावर स्वतःच निवडते. कासव कुठलं? मुंबई-पुण्याच्या मत्स्यालयांत विकायला असतं तेच, कानाशी लाल पट्टा असलेलं.

आपल्या कानात ही निवड मुख्यतः आतल्या कानातल्या लवचीक पटलाच्या कंपनातून होते. कासवाची तऱ्हा वेगळी. पेशीत करंट सोडला की व्होल्टेज चढतं, कॅल्शियमचे चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली दारं, उघडतात. आत आलेलं कॅल्शियम पोटॅशियमचे बीके नावाचे चॅनल उघडतं, पोटॅशियम बाहेर पडून व्होल्टेज खाली येतं, मग कॅल्शियमचे चॅनल मिटतात आणि चक्र पुन्हा सुरू. छेडलेल्या तारेसारखं व्होल्टेज काही वेळ डोलतं आणि शमतं. दोन शिखरांत 5 मिलिसेकंद असतील तर पेशीचा सूर 200 हर्ट्झ. बीके चॅनल जितके जास्त आणि चपळ, तितका सूर वरचा. तरी सगळा खेळ साधारण 600 हर्ट्झच्या आतच.

केंब्रिजला या कामाला यायचं असेल तर आधी कागदपत्रं. जिवंत प्राण्यावर प्रयोग करायला 1986 च्या ब्रिटिश कायद्याखाली होम ऑफिसचा, म्हणजे तिथल्या गृहखात्याचा, वैयक्तिक परवाना लागतो, प्रकल्पाचा वेगळा. ते येईपर्यंत मॉडेल सेलवर, म्हणजे पेशीची नक्कल करणाऱ्या सर्किटवर, हात बसवावा: 10 मेगाओहमचा रोधक आणि त्याला जोडून 15 पिकोफॅरडचा धारक. व्होल्टेज क्लॅम्पमध्ये (व्होल्टेज बांधून ठेवून करंट मोजताना) ही जोडी 1 किलोहर्ट्झच्या आसपासच सिग्नल कापायला लागते. म्हणजे पेशीचा फिल्टर मोजायला निघालेलं यंत्र आपलाच फिल्टर मध्ये घालतं. जलद करंट मोजताना यानेच घात होतो.

सूर पाहायचा तर करंट क्लॅम्प, म्हणजे करंट आपण ठरवायचा आणि व्होल्टेज पाहायचं; आणि करंटची पायरी लहान, दोन अंकी पिकोअँपिअरची. तिथे गोंधळ उलटा. पिपेटची, म्हणजे पेशीला चिकटवलेल्या बारीक काचनळीची, धारिता भरून काढणारा नॉब जरा जास्त फिरला की अँप्लिफायर स्वतःच डोलू लागतो, आणि नवख्याला वाटतं पेशी सापडली! ओळखायचं असं: स्थिर करंट बदलला तर खऱ्या पेशीची वारंवारता सरकते, टीईए हे रसायन घातलं की पोटॅशियमचे चॅनल अडतात आणि डोलणं मरतं. अँप्लिफायरला टीईएचं काहीच वाटत नाही. पिपेट आणि पेशी यांच्यातलं सील गळकं असेल तर मात्र चांगली पेशीही दोन हेलकाव्यांत गप्प होते. तिथे नॉबशी झटण्यापेक्षा दुसरी पेशी धरावी.